पुन्हा बघायला नको!

"एकदाच काय ते सिमेंट मारून घेऊ. पुन्हा बघायला नको."

गेल्या महिन्यात फोनवर काका हे म्हणाले आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घर करून बसलंय. (कोटी नकळत झाली, पण राहू दे.) विषय आमच्या कोकणातल्या घराचा. आजचं लिखाण मात्र त्या घराबद्दल नाही. म्हणजे शेवटी तिथेच येणार आहे, पण वाट जरा लांबची आहे आणि वाटेत इंग्लंड लागतं.

मी दोन वर्षं ऑनसाइट होतो, कॉव्हेंट्रीला. तिथून स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन जवळच. टीममधले आम्ही सहा जण एका शनिवारी शेक्सपिअरचं गाव बघायला गेलो. गाव बघून झालं, फिश अँड चिप्स खाऊन झालं, मग कोणीतरी म्हणालं की मैलभर अंतरावर शॉटरी नावाचं खेडं आहे, तिथे ॲन हॅथवेचं कॉटेज आहे. म्हणजे शेक्सपिअरची सासुरवाडी! जावयाचं घर बघितलं, आता सासरही बघू, म्हणून चालत निघालो.

ते घर तुम्हीही पाहिलेलं असणार. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर, जिगसॉ पझलवर, नाहीतर डेंटिस्टकडच्या जुन्या कॅलेंडरवर. गवताचं जाडजूड छप्पर, ते खिडक्यांवरून भुवयांसारखं वळत खाली आलेलं, काळपट लाकडाच्या चौकटी, चौकटींच्या मधे पांढरी भिंत, पुढे फुलंच फुलं. आमचा टीम लीड दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "च्यायला, आपल्याकडे असली घरं पाडून लोक स्लॅब टाकतात आणि हे झोपडीला तिकीट लावतात!"

सगळे हसले. मीही हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिली गोष्ट म्हणजे ती झोपडी नाही. खरं तर ते कॉटेजही नाही. शेक्सपिअरच्या काळात त्याला ह्यूलँड्स फार्म म्हणायचे. बारा खोल्यांचं घर आणि भोवती ९० एकरांहून जास्त जमीन. ॲनचा बाप रिचर्ड हॅथवे हा चांगला खातापिता शेतकरी, आपल्याकडे गावात ज्याला 'मोठं घर' म्हणतात तसल्या घरातला. हे 'कॉटेज' वगैरे गोग्गोड नाव नंतरचं, शहरात कारखान्यांचा धूर खाणाऱ्या लोकांना खेड्याची आठवण यायला लागली तेव्हाचं. गरीब मजुराचं त्या काळातलं घर बघायचं असेल तर शॉटरीला जाऊन उपयोग नाही. ती घरं आता नाहीतच. ती कधीच कोसळली, जळली, चिखलात मिसळली.

म्हणूनच "पूर्वीचे लोक काय बांधायचे हो, नाहीतर हल्लीचं!" असं म्हणत उसासे टाकणाऱ्या मंडळींशीही माझं जमत नाही. पूर्वीचे लोकही भरपूर भिकार बांधायचे. ते पडलं म्हणून दिसत नाही, एवढंच. जे उरलं त्यावरून सगळ्या काळाला प्रमाणपत्र देणं म्हणजे बॅचमधल्या टॉपरकडे बघून कॉलेज चांगलं ठरवण्यासारखं आहे. :-)

आणि नुसतं 'दिसायला जुनं' म्हणून भुलणाऱ्यांची तर तिथे जवळच एक मस्त फजिती झालेली आहे. स्ट्रॅटफर्डपासून तीनेक मैलांवर विल्मकोट नावाचं गाव आहे, शेक्सपिअरच्या आईचं माहेर. तिथलं एक सुंदर लाकडी चौकटींचं घर 'मेरी आर्डनचं घर' म्हणून प्रसिद्ध होतं. १८व्या शतकाच्या शेवटी एका स्थानिक हौशी माणसाने तसं सांगितलं आणि लोकांनी ते मानलं. १९३०मध्ये शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने ते विकत घेतलं, पिढ्यान् पिढ्या पर्यटक तिथे माना डोलावून गेले. २०००मध्ये जुन्या कागदपत्रांचा नीट अभ्यास झाला आणि कळलं की ते शेजारच्या पामर नावाच्या शेतकऱ्याचं घर! मेरीचं खरं घर म्हणजे पलीकडचं ग्लीब फार्म. त्याच्या लाकडी सांगाड्याला नंतरच्या लोकांनी बाहेरून विटांचं आवरण घातलं होतं, त्यामुळे ते कोणाला 'तसं' वाटलंच नाही. नशीब एवढंच की ट्रस्टने ते १९६८मध्ये घेऊन ठेवलं होतं. म्हणजे दोनशे वर्षं लोक दर्शनी भाग बघत होते, सांगाडा कोणी बघत नव्हतं.

तर आपण सांगाडा बघू.

हॅथवेंच्या घराचा सर्वांत जुना भाग १४६०च्या दशकातला आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीचा. त्या भागाचा आधार म्हणजे 'क्रक' नावाची रचना. निसर्गतःच वाकडा वाढलेला ओकचा बुंधा शोधायचा, तो उभा चिरायचा, की दोन सारख्या वळणाची लाकडं मिळतात. ती समोरासमोर उभी करून टोकं वर जुळवायची. जमिनीपासून आढ्यापर्यंत एकच कमान. अशा कमानी ठरावीक अंतरावर उभ्या केल्या, आडव्या लाकडांनी जोडल्या, की घर उभं. छपराचा भार कमानींवर, आणि त्यांच्यातून दगडी जोत्यावर. भिंतींचं काम फक्त वारा अडवणं.

हे कळलं तेव्हा मी तिथल्या हॉलमध्ये वर बघत वेड्यासारखा उभा होतो. भार कोणी घ्यायचा आणि आडोसा कोणी द्यायचा हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले होते! आपण ऑफिसमध्ये हेच व्हाइटबोर्डवर काढतो, त्याला भारी नावं देतो आणि तरी सहा महिन्यांत सगळं एकमेकांत गुंतवून ठेवतो.

आता जोड. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लाकडाचा 'जॉब' सगळ्यांनीच केला असेल. माझा जोड एवढा ढिला झाला होता की फटीत भुसा आणि फेव्हिकॉल कोंबून सबमिट केला. सरांनी तो हलवून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पास केलं. त्या पार्श्वभूमीवर हे ऐका. या घरांमध्ये एका लाकडात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. मुख्य जोडांत खिळा नाही. खुंटीची भोकं मुद्दाम थोडी मागेपुढे पाडायची, म्हणजे खुंटी ठोकताना ती जोडाला आत खेचून घट्ट करते. शिवाय लाकूड वापरायचं ते ओलं, नुकतं तोडलेलं, कारण वाळलेला ओक म्हणजे लोखंड, त्याला हत्यार लागत नाही. ओलं लाकूड बसवल्यावर पुढे वर्षानुवर्षं सुकत जातं, आकसतं, पिळतं, आणि तसतसा जोड आणखी आवळला जातो. ही घरं वाकडीतिकडी दिसतात त्यातला बराचसा वाकडेपणा या सुकण्यातून आलेला. आमच्यातला एक जण म्हणाला होता, "गवंड्याकडे ओळंबा नव्हता वाटतं." ओळंबा होता बाबा. ओलं लाकूड सुकल्यावर काय करणार हेही त्यांना ठाऊक होतं.

त्याहून भारी म्हणजे हे सांगाडे जागेवर बांधत नसत. सुताराच्या आवारात जमिनीवर आडवे जुळवायचे, प्रत्येक जोडावर खूण करायची, बहुतेक रोमन आकड्यांसारख्या रेघा, मग सगळं सुटं करून बैलगाडीने नाहीतर घोड्याने जागेवर न्यायचं आणि नंबर बघून उभं करायचं. पाचशे वर्षांपूर्वीचं प्रीफॅब! जुन्या इंग्लिश घरांच्या तुळयांवर त्या खुणा अजून दिसतात. आणि जे नंबर टाकून जोडलं ते नंबर बघून सोडवताही येतं. याचा पुरावा माझ्या रोजच्या वाटेवर होता आणि मला पत्ता नव्हता. कॉव्हेंट्रीवर नोव्हेंबर १९४०मध्ये जर्मन बॉम्बहल्ला झाला, गावाचा मधला भाग बेचिराख झाला. त्यातूनही वाचलेली काही मध्ययुगीन लाकडी घरं पुढे नव्या रस्त्यांच्या आणि इमारतींच्या आड येऊ लागली. १९६०-७०च्या दशकांत त्यांतली काही सुटी करून स्पॉन स्ट्रीटवर नेली आणि पुन्हा उभी केली. चारमजली आरसीसीची बिल्डिंग अशी सुटी करून दुसऱ्या गल्लीत नेऊन दाखवा बघू.

भिंतींचं तर काही विचारू नका. चौकटीत वरच्या लाकडाला भोकं आणि खालच्याला चर, त्यांत उभ्या काठ्या अडकवायच्या, त्यांत हेझलच्या लवचीक फांद्या टोपलीसारख्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि चिरलेला पेंढा मळून लिंपायचं. वरून चुना. तिथली गाइड बाई हे मोठ्या उत्साहाने सांगत होती आणि मी मनात म्हणत होतो, अगं बाई, हा तर कूड! आमच्या गोठ्याची भिंत! कारवीच्या जागी हेझल, बाकी सगळं तेच. शेणसुद्धा. आमच्या लीडलाही ते ओळखू आलं असावं, कारण शेणाचं नाव ऐकून तो पुन्हा हसला. गंमत बघा, त्यांचं शेण हेरिटेज आणि आपलं शेण मागासलेपण.

कुडाची भिंत खराब झाली की तेवढा चौकोन काढून नवा भरायचा. शेजारच्या चौकटीला धक्का लागत नाही. छपराचंही तेच. 'गवताचं छप्पर म्हणजे गळणार' असं आपल्याला वाटतं, कारण आपण ते शेवटचं बघितलं ते पडक्या अवस्थेत. नीट शाकारलेल्या छपराचा उतार चांगला तीव्र असतो, पंचेचाळीस-पन्नास अंशांचा. पाऊस एका काडीच्या टोकावरून खालच्या काडीच्या टोकावर असा घरंगळत पागोळ्यांतून खाली येतो आणि फूटभर जाडीतला फक्त वरचा इंच-दीड इंच ओला होतो. पन्हळीची गरज नाही, छप्परच भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असतं. आणि इतक्या जाडीमुळे हिवाळ्यात ऊब टिकते, हा फायदा वेगळा.

हे छप्पर कायमचं नसतं. तसा कोणाचा दावाही नाही. गव्हाच्या लांब पेंढ्याचं असेल तर साधारण १५ ते २५ वर्षं, पाणथळीतल्या बोरूसारख्या गवताचं असेल तर त्याहून बरंच जास्त, आणि आढ्यावरची टोपी मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी नवी. पण नव्याने शाकारताना जुनं सगळं उपसत नाहीत. कुजलेला वरचा थर खरवडायचा आणि खालच्या धडधाकट थरावर नवा चढवायचा. त्यामुळे डेव्हनमधल्या काही घरांत सगळ्यांत खालचा थर अजून मध्ययुगातला आहे. धुरांडी येण्याआधी घराच्या मध्यावर उघडी चूल असायची, धूर छपरातून वाट काढत जायचा, त्याच्या काजळीने काळा झालेला पेंढा तसाच्या तसा. जॉन लेट्स नावाच्या अभ्यासकाने हे थर तपासले. आज शेतातून नाहीशा झालेल्या त्या वेळच्या गव्हाच्या जाती त्यात सापडतात. वर हल्लीचा गहू, खाली चौदाव्या-पंधराव्या शतकातला. कोडबेसमध्ये सर्वांत खाली कोणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं आणि कोणी हात न लावलेलं फंक्शन सापडतं ना, तसं.

(जाता जाता: हल्लीचा गहू या कामाला चालत नाही. हरितक्रांतीनंतर गहू बुटका झाला आणि कापणीयंत्र काड्यांचा चुरा करतं. त्यामुळे तिथले शाकारणारे अजूनही मॅरिस विजन नावाची १९६०च्या दशकातली उंच जात मुद्दाम पेरून घेतात आणि जुन्या पद्धतीच्या यंत्राने कापतात. छपरासाठी शेती करायची!)

तर मुद्दा असा. या घरात कायमचं असं फारच थोडं आहे. पंधराव्या शतकात हॉल आढ्यापर्यंत उघडा होता. पुढे त्यात मधे मजला घातला, धुरांडी बांधली. १७व्या शतकात बागेकडच्या बाजूला उंच भाग जोडला. शाकारणी किती वेळा झाली असेल याचा हिशेब तुम्हीच करा. १९व्या शतकात मालकी हातची गेली तरी त्याच कुटुंबातले लोक भाडेकरू म्हणून राहत होते. १८९२मध्ये ट्रस्टने घर घेतलं. १९६९मध्ये मोठी आग लागली, काही भाग जळाला, तो पुन्हा बांधला. आमच्यातला शंकासुर म्हणाला, "मग यात ओरिजिनल काय राहिलं? दाते डुप्लिकेट, देऊळ डुप्लिकेट!" त्याला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, आज देतो. बाळा, तुझ्या फोनमधलं ओरिजिनल सगळं शाबूत आहे, बॅटरीसकट, आणि म्हणूनच तो तीन वर्षांत फेकायचा आहे. हे घर साडेपाचशे वर्षं टिकलं कारण त्यातली कुठलीही वस्तू बदलता येते आणि बदलणारा माणूस गावात मिळत होता.

आणि आता सिमेंट. एवढं सगळं सोसलेल्या या घरांना खरा दणका कोणी दिला? ना वाळवीने, ना पावसाने. 'एकदाच काय ते' करून टाकणाऱ्यांनी! जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४मध्ये. २०व्या शतकात ते स्वस्त आणि सगळीकडे झालं, आणि इंग्लंडातल्या असंख्य लाकडी घरांच्या मातीचुन्याच्या भिंतींवर लोकांनी ते हौसेने थापलं. गुळगुळीत, टणक, पावसाला दाद न देणारं. मग होतं काय? लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे फुगतो, आकसतो, थोडा हलतो. चुना आणि माती त्याच्याबरोबर हलतात. सिमेंट हलत नाही, तडकतं. केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं. माती-चुन्याच्या भिंतीत पाणी शिरलं तरी ऊन पडल्यावर ते वाफ होऊन बाहेर जातं. सिमेंटच्या मागे शिरलेल्या पाण्याला जवळपास वाटच नाही. ते लाकडाशी जाऊन बसतं. बाहेरून भिंत चकाचक, आत ओकचा भुगा. ओल्या ओकवर ताव मारणारा एक भुंगाही तिथे असतो, त्याची तर दिवाळी. कळतं तेव्हा खालचं आडवं लाकूड गेलेलं असतं. मग निष्कर्ष काय निघतो? "लाकडाची घरं टिकत नाहीत."

म्हणजे मारेकऱ्यानेच पंचनामा करायचा.

ही गोष्ट कोणा हळव्या कवीने सांगितलेली नाही. विल्यम मॉरिस आणि मंडळींनी १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक सोसायटी काढली, ती अजून चालू आहे आणि हेच सांगते आहे. चुना वापरा, जेवढं खराब झालं तेवढंच बदला, गटारं-पन्हळी वेळच्या वेळी साफ ठेवा, 'नवंकोरं' करायच्या भानगडीत पडू नका. मॉरिसचा राग तर पाडणाऱ्यांइतकाच सुंदर करणाऱ्यांवरही होता. ही काळी-पांढरी इंग्लिश घरं बघून आपण "अहाहा" म्हणतो ना, त्यांतल्या बऱ्याच लाकडांना काळं डांबर फासलंय ते व्हिक्टोरियन हौशी लोकांनी. त्याआधी पुष्कळ ठिकाणी ओक नुसताच ठेवायचे, तो उन्हापावसात चंदेरी-करडा होतो. म्हणजे कॅलेंडरवरचं ते 'जुनं' रूपही पुष्कळदा दीड-दोनशे वर्षांचं.

असो. आता कोकणात येऊ.

आमचं घर काही पंधराव्या शतकातलं नाही, पणजोबांनी बांधलेलं आहे. जांभ्याच्या भिंती मातीत रचलेल्या, आतून-बाहेरून मातीचा गिलावा, भिंतीत फणसाचे आणि ऐनाचे खांब, वर कौलं. क्रक नाही, ओक नाही, हिवाळा नाही. पण भार लाकडावर आणि भिंतीला श्वास, हे गणित तेच. दहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराची मागची भिंत पावसाळ्यात ओल धरते म्हणून एका कंत्राटदाराने तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. म्हणाला, पंचवीस वर्षं बघायला नको. या मे महिन्यात गेलो तेव्हा त्या भिंतीतल्या खांबाला मी सहज स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. मुठीपर्यंत आत गेला. उरलेल्या तीन भिंतींतल्या खांबांना टोचला तर टोकसुद्धा शिरेना.

एकच घर, एकच लाकूड, एकच पाऊस. यापेक्षा चांगलं टेस्टिंग कोण करून देणार? पण काकांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की उरलेल्या तीन भिंतींनाही सिमेंट मारून घ्यावं, आणि खांब काढून पिलर टाकावेत. मी फोनवर शॉटरीपासून सुरुवात केली. काका म्हणाले, "अरे, ती साहेबाची घरं. त्यांच्याकडे ट्रस्ट आहे, तिकीट आहे. आपल्याकडे कोण येणार तिकीट काढून?" मी म्हटलं, "काका, तिकीट लावायला नकोच आहे, तुम्ही फक्त सिमेंट लावू नका." मग फोन काकूने घेतला.

काकू म्हणाली, "तू येऊन सारवणार आहेस का?"

गप्प झालो. खोटं कशाला बोलू. या सगळ्या लेखात मी 'लिंपायचं', 'शाकारायचं', 'बदलायचं' असं बिनधास्त लिहीत सुटलोय, पण आमच्या घरात ते लिंपणारे हात आजीचे आणि काकूचे होते. गुडघे गेले ते त्यांचे. दर दिवाळीला भिंतींना हात कोणी लावला? पुण्यात बसून मातीच्या भिंतींचं गुणगान करणाऱ्या पुतण्याने नाही. काकूच्या तोंडी "पुन्हा बघायला नको" आलं तर त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि तिला भौतिकशास्त्र शिकवायचा मला काडीचाही अधिकार नाही.

पण इंग्लंडात शाकारणाऱ्याला त्याच्या कामाचे रीतसर, चांगले दणदणीत पैसे मिळतात. लाकडी सांगाड्यांचा सुतार बिल लावतो. घराची निगा हा तिथे कोणाचा तरी धंदा आहे, घरातल्या बाईवर फुकटात टाकलेली वेठ नाही. आपण मात्र ती निगा शतकभर फुकट करून घेतली आणि करणारी थकल्यावर म्हणालो, घरच वाईट. सिमेंटच्या कोटेशनमध्ये मजुरी धरली होती, मातीच्या गिलाव्यात कधी धरलीच नाही, म्हणून सिमेंट स्वस्त दिसलं.

तेव्हा मी काकूला एवढंच म्हटलं की खर्च आणि माणसं माझी, तू फक्त चहा दे. ती म्हणाली, "चहासुद्धा तूच करायचास." ठरलं!

म्हणजे अर्धवट ठरलंय. काका दसऱ्यापर्यंत थांबायला तयार झालेत. तोवर मागच्या भिंतीवरचं सिमेंट खरवडून ती मोकळी करायची, कुजलेल्या खांबाचा खालचा भाग कापून तिथे नवं ऐनाचं लाकूड सांधायचं, आणि बाहेरून चुन्याचा गिलावा करायचा. सांधा कसा घ्यायचा ते गावातल्या म्हाताऱ्या सुतारांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यात काय मोठंसं," आणि बिडीच्या पाकिटावर काढून दाखवलं. उभं चिरून अर्धं-अर्धं, मधे तिरकी खाच, दोन खुंट्या. शॉटरीच्या तुळयांमधल्या सांध्यांचे फोटो मी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, खुंटी जरा बारीक घेतलीय.

अडचण चुन्याची आहे. गाव सोडा, तालुक्यालाही भिजवलेला जुना चुना कोणाकडे नाही, दुकानदार पांढरं पोतं पुढे करतो आणि ती निघते भिंतीची पुट्टी. रत्नागिरी-चिपळूणच्या बाजूला कोणी भट्टीचा चुना अजून विकत असेल, किंवा तो भिजवून मुरवणारं माणूस माहीत असेल, तर कृपया कळवा. दसऱ्याला फार दिवस उरलेले नाहीत.